२०.३ किलोपास्कल

मामा पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना तसंच परत पाठवलं. मिरजेहून सिटी बसने सांगलीला आलेले, सोबत मामी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची चळत. मी विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?" तर चहा आणि बशीभर भडंग. लिव्हरचा ताठरपणा मोजायचा तर किमान चार तास पोट रिकामं लागतं. खाल्ल्यावर आतड्यांकडून यकृताकडे येणारं रक्त वाढतं, यकृत भरतं आणि आकडा उगाच वर सरकतो. मामी म्हणाल्या, "एवढ्याशा भडंगानं काय होतंय ओ डॉक्टर?" होतं. धडधाकट यकृतात थोडंसं होतं, आजारी यकृतात बरंच होतं. दुसऱ्या दिवशी दोघं उपाशीपोटी हजर. मामींनीही काही खाल्लं नव्हतं, का ते विचारलं नाही.

(ओळख पटू नये म्हणून वय, तारखा आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.)

मामांचं वय बावन्न. मिरजेत तंतुवाद्यांच्या कामात तीस वर्षं गेलेली. भोपळा कापायचा, तासायचा, तूनच्या लाकडाचा दांडा जोडायचा, खुंट्या बसवायच्या. चार महिन्यांपासून पोट जड, जिना चढताना धाप, लुंगीची गाठ दर पंधरवड्याला थोडी सैल बांधावी लागायची. पिशवीतल्या कागदांवर बिलिरुबिन १.९, एसजीपीटी ३८, अल्ब्युमिन ३.६, प्लेटलेट २ लाख ४० हजार, हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. एक टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होती, त्यावर 'पंपिंग ६० टक्के, झडपा ठीक'. आणि सगळ्यात वर, घड्या घालून घालून मऊ पडलेला, एका मोफत तपासणी शिबिराचा कागद. लिव्हरचा ताठरपणा २१.४ किलोपास्कल (आकडा जितका मोठा, तितकं यकृत कडक). खाली पेनाने निदान लिहिलेलं (सिरॉसिस म्हणजे यकृत जुन्या व्रणांनी भरून कडक होणं), 'सिरॉसिस. दारू पूर्ण बंद.'

या शेवटच्या तीन शब्दांनी दोन महिन्यांत काय केलं ते मामींनी सांगितलं. मामांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पण कागद सांगतोय म्हटल्यावर थोरल्या दिरांनी कारखान्यात जाऊन चौकशी केली, की हा संध्याकाळी कुठे बसतो. मालकांनी उचल द्यायचं थांबवलं. मुलीच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं, ते लोक फोन उचलेनात. "ह्यांचं तोंड हुंगायची पाळी आणली बघा माझ्यावर," मामी म्हणाल्या. मामा टेबलावर पडून छताकडे बघत होते.

शिबिरात मोजण्याआधी सगळ्यांना पोहे वाटले होते, हेही त्यांच्याच बोलण्यात आलं. मला वाटलं, झालं, प्रकरण इथंच सुटलं. पोटभर पोहे खाऊन मोजलेला आकडा. आज उपाशीपोटी मोजू, आकडा उतरेल, मामांची सुटका होईल आणि मी जेवायला जाईन.

मोजमाप

ताठरपणा हाताने तपासणं वैद्यकाइतकंच जुनं आहे. छातीत कठीण गाठ लागली, उजव्या बरगडीखाली यकृताची कडक धार लागली की वैद्याच्या कपाळाला आठी पडायचीच. सोनोग्राफीने हे काम हातातून काढून पडद्यावर आणलं ते १९९१ च्या सुमारास, ह्यूस्टनच्या जोनाथन ओफिर यांच्या गटाने. ऊती थोडी दाबायची आणि दाबण्याआधीचं व नंतरचं चित्र ताडून कुठला भाग कमी दबला ते बघायचं. पुढे २००३ मध्ये पॅरिसमधून बरगड्यांवर बाहेरून टिचकी मारून लहर सोडणारं यंत्र आलं. आज आपल्याकडच्या शिबिरांत फिरतात ती बहुतेक त्याच जातीची.

माझ्या मशीनमध्ये टिचकी बाहेरून बसत नाही, आवाजाचाच एक जोरदार झोत यकृताच्या आत ठरलेल्या जागी ढकलला जातो. त्या धक्क्याने ऊती काही मायक्रॉन हलते, म्हणजे केसाच्या जाडीच्याही छोट्याशा अंशाइतकी. पण तेवढ्याने तिच्यातून आडवी लहर निघते, ताणलेली दोरी झटकल्यावर निघते तशी. आम्ही तिला शिअर वेव्ह म्हणतो. सोनोग्राफीचा नेहमीचा आवाज शरीरातून सेकंदाला साधारण १५४० मीटर पळतो, आणि ही आडवी लहर जेमतेम १ ते १० मीटर. ससा-कासवाचा हा फरकच कामी येतो. पळणाऱ्या आवाजाने सेकंदाला हजारो चित्रं काढून रांगणाऱ्या लहरीचा पाठलाग करता येतो. ऊती जितकी ताठ, तितकी लहर वेगवान. मीटरमधल्या वेगाचा वर्ग करून तीनने गुणलं की किलोपास्कल येतात. यातला वर्ग विसरायचा नाही. वेगात झालेली छोटी चूक किलोपास्कलमध्ये दुप्पट होऊन बसते.

उजवा हात डोक्यावर, अंग किंचित डाव्या कुशीला, प्रोब दोन बरगड्यांच्या मधे. यकृताच्या कवचापासून दीड-दोन सेंटिमीटर आत पडद्यावरची मोजायची पेटी ठेवायची, कारण कवचाजवळ आवाज ठेचकाळतो. सगळ्यात त्रास असतो तो श्वासाचा. आम्हीच आयुष्यभर पेशंटना शिकवलंय, "मोठा श्वास घ्या, धरा." इथं तसं केलं तर छातीतला दाब वाढतो, यकृतातून रक्त उतरायचं थांबतं आणि आकडा चढतो. "मामा, श्वास घेऊ नका, सोडू नका. आहे तिथंच थांबा." मामांना ते लगेच जमलं. तार जुळवताना श्वास असाच अडतो म्हणाले.

शिबिरानंतरच्या दोन महिन्यांत यकृताभोवती पाण्याचा थर साचला होता. बाहेरून टिचकी मारणारं यंत्र आता इथं आंधळं झालं असतं, कारण पाण्यातून आडवी लहर जात नाही. दोरी हलवली तर लाट पुढे जाते, कारण दोरीचा एक भाग पुढच्याला ओढतो; पाण्यात तसं ओढून धरायला काही नसतं. आवाजाचा झोत मात्र पाणी ओलांडून आत जातो आणि लहर तिथंच उठवतो, म्हणून मला मोजता आलं. एक अडचण होती. पेटी शिरांवर यायला नको असते, आणि मामांच्या यकृतात शिरा टाळता टाळता पेटीला जागाच मिळेना. इकडे सरकवावी तर एक शीर, तिकडे दुसरी. मी मनातल्या मनात वैतागलो.

दहा मोजमापं घेतली. मधला आकडा २.६ मीटर प्रतिसेकंद. २.६ गुणिले २.६ गुणिले ३, म्हणजे २०.३ किलोपास्कल.

आकडा उतरला नव्हता. मोजण्यात खोट म्हणावी तर तीही नाही. दहा आकड्यांचा आपापसातला विखुरलेपणा, म्हणजे मधल्या निम्म्या आकड्यांची रुंदी भागिले मधला आकडा, किलोपास्कलमध्ये ३० टक्क्यांच्या, वेगात १५ टक्क्यांच्या आत असला की मोजमाप चालतं. मामांचा १२ टक्के होता. इतकी देखणी मोजमापं रोज मिळत नाहीत.

अमेरिकेतल्या सोनोग्राफी तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये लक्षात ठेवायला सोपा असा चाराचा पाढा दिला. ५ किंवा कमी तर नॉर्मल, ९ च्या आत आणि दुसरी लक्षणं नसतील तर गंभीर जुनाट आजार नाही, १३ च्या वर असेल तर आहे, १७ च्या वर असेल तर यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिनीत दाब चढलाय. पाच, नऊ, तेरा, सतरा. मामा वीसवर. मी रिपोर्टमध्ये 'सिरॉसिसशी सुसंगत' हे शब्द टाइप केलेसुद्धा.

टाइप करून झाल्यावर

जागा मिळत नव्हती, हे तेव्हा डोक्यात टोचलं. यकृतातल्या शिरा एवढ्या रुंद का? सिरॉसिसमध्ये यकृत आवळतं, शिरा चेपतात, शोधाव्या लागतात. इथं त्या पाटासारख्या पसरल्या होत्या. मामांना पुन्हा आडवं केलं. शिरा १४ मिलिमीटर. त्या जिथं जाऊन मिळतात ती मोठी नीला, आयव्हीसी, २.६ सेंटिमीटर. २.१ च्या वर गेली की कान टवकारायचे. "मामा, तपकीर ओढतात तसं नाकानं जोरात हुंगा." हुंगल्यावर ही नीला निम्म्याहून जास्त मिटायला हवी. मामांची ढिम्म हलली नाही.

मग एकेक गोष्ट, जी पहिल्या पाच मिनिटांत दिसायला हवी होती, दिसू लागली. यकृताचा पृष्ठभाग गुळगुळीत, सिरॉसिसचा खडबडीतपणा कुठे नाही. प्लीहा साडेअकरा सेंटिमीटर, वाढलेली नाही. प्लेटलेट २ लाख ४० हजार. वीस किलोपास्कलच्या सिरॉसिसला त्या सहसा उतरलेल्या असतात. आणि मामा उठून बसले तरी मानेतली शीर जबड्यापर्यंत तट्ट भरलेली. ती बघायला मशीन लागत नाही, सदऱ्याचं वरचं बटण काढावं लागतं. दोन महिन्यांत पाच ठिकाणी तपासलेल्या या माणसाचं ते बटण कुणी काढलं नव्हतं, मीही पहिल्या दिवशी नाही.

"मामा, कधी छातीत पाणी झालं होतं?"

चार वर्षांपूर्वी. क्षयाचं. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, पुऱ्या केल्या. ते आधी कुणाला सांगितलं नाही, कारण सगळे पोटाचंच विचारत होते.

यकृत ताठ होतं यात शंका नव्हती. प्रश्न ते कशाने ताठलंय हा होता. यकृताभोवती पातळ पण न ताणणारं कवच असतं. रक्त आत येतंय आणि वर हृदयाकडे जायची वाट तुंबलीय, असं झालं की यकृत फुगतं, कवच फुगू देत नाही, आतला दाब चढतो आणि लहर वेगाने धावते, व्रणाची एक दोरीही नसताना. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या मंडळींनी २०१० मध्ये हे डुकरांच्या यकृतावर दाखवलं होतं. शिरेतला दाब वाढवत नेला की ताठरपणा त्याच्याबरोबर वाढत जातो. अशा तुंबलेल्या यकृताला पॅथॉलॉजीत जायफळी यकृत म्हणतात. पुरणात घालायचं जायफळ मधोमध कापलं की गडद-फिक्या रेघांची जी नक्षी दिसते, अगदी तशीच ती.

मामांना समजावताना मी त्यांच्याच धंद्यातला दाखला दिला. म्हटलं, तार तीच असते, पण खुंटी पिळली की सूर चढतो; तुमचं लिव्हर बदललेलं नसेल, नुसतं ताणलेलं असेल. त्यांनी माझी चूक काढली. "तसं अर्धंच झालं की ओ. जाड तार आणि बारीक तार एकाच सुराला लावता येत्यात. जाडीला जास्त ताण द्यायचा, बारकीला कमी. नुसत्या सुरावरनं नवशिक्याला कळत न्हाई कुठली तार हाय. हात लावून बघाय लागतं." मी त्या दुपारी नवशिक्याच ठरलो होतो, त्यामुळे वाद घातला नाही.

मशीनवर 'ताठरपणा' असं लिहिलेलं येतं आणि आपण मनात 'व्रण' वाचतो. चाराचा तो पाढाही मुळात विषाणूजन्य आणि चरबीच्या यकृताच्या आजारांसाठी बसवलेला आहे. हृदयाचा दाब, तीव्र कावीळ, पित्तनलिकेतला अडथळा, भरलेलं पोट हे आधी बाजूला काढूनच तो म्हणायचा. पाढा सगळ्यांना पाठ आहे. अटी छापलेल्या असतात, पाठ कुणालाच नसतात.

मग 'पंपिंग ६० टक्के'चं काय?

या प्रकरणात मला सगळ्यात शिकवून गेला तो हा कागद. हृदय तपासून झालंय, चांगलं आहे, म्हणून सगळे निर्धास्त होते. आणि तो आकडाही खरा होता. हृदय जोरात आकुंचन पावत होतं, त्याला प्रसरण पावता येत नव्हतं. क्षयाने हृदयाभोवतीची पिशवी, पेरिकार्डियम, जाड आणि चिवट होऊन हृदयावर आवळली जाते. भरायलाच जागा नाही, मग वरून येणारं रक्त मानेत आणि खालून येणारं यकृतात थांबतं. पायांना सूज येण्याआधी पोट भरणं हेही याच आजाराचं जुनं लक्षण. आपल्याकडे या आजाराच्या मागे बहुतेक वेळा क्षयच असतो.

सिरॉसिसचे शब्द खोडले. रिपोर्टमध्ये लिहिलं: ताठरपणा २०.३, मोजमाप विश्वासार्ह, पण शिरा आणि आयव्हीसी रुंद, हुंगल्यावर मिटत नाही. हा ताठरपणा यकृत तुंबल्यामुळे असू शकतो, आकड्यावरून व्रणाची पायरी ठरवू नये. आणि हृदयरोगतज्ज्ञ मित्राला फोन केला. चिठ्ठीवर 'इको' एवढंच न लिहिता 'पेरिकार्डियम बघा' असं लिहिलं. त्याने बघितलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा प्रत्येक ठोक्याला दचकत होता, श्वासाबरोबर इकडून तिकडे झुकत होता. सीटीत पिशवी ६ मिलिमीटर जाड, एरवी ती २ मिलिमीटरसुद्धा नसते, आणि जागोजागी चुन्याच्या रेघा. पोटातलं पाणी काढून तपासलं तेव्हा रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिनचा फरक १.५ आला. १.१ च्या वर असला की पाणी दाबामुळे साचलंय. पण पाण्यातली प्रथिनं ३.८ ग्रॅम होती. सिरॉसिसचं पाणी पातळ असतं, अडीच ग्रॅमच्या आतलं. हृदयाकडून तुंबलेलं पाणी घट्ट. ही तपासणी कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होते. ताठरपणा मोजणारं मशीन नसतं आणि कुणी सुरुवातीला सुईभर पाणी काढून पाठवलं असतं, तर मामा बहुधा लवकर सुटले असते. स्वतःच्या मशीनबद्दल हे लिहायला बरं वाटत नाही.

ऑपरेशन पुण्याला ठरलं. तारीख मिळेपर्यंत लघवीची औषधं बेताने सुरू केली. या आजारात ती जपून द्यावी लागतात, कारण हृदयाला भरायला मुळातच कमी मिळतंय, दाब फार उतरवला तर चक्कर येते. दहाव्या दिवशी मी हट्टाने मामांना पुन्हा बोलावलं. खर्च काही घेतला नाही, मलाच बघायचं होतं. वेग २.३, म्हणजे १५.९ किलोपास्कल. दहा दिवसांत व्रण विरघळत नसतात. जे उतरलं ते पाणी आणि दाब. तो कागद मामींनी मागून घेतला आणि त्याच्या चार झेरॉक्स काढल्या. एक दिरांना, एक मालकांना, एक सोयऱ्यांना. चौथी कुणाला ते सांगितलं नाही.

ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. हृदयावरून ती चिवट साल सोलून काढतात. जोखमीचं काम आहे, आणि मामांना दोन आठवडे तिथं ठेवलं होतं.

चार महिन्यांनी आले तेव्हा सदऱ्याचं वरचं बटण मामांनी स्वतःच काढलं, मी सांगायच्या आत. मान सपाट. आयव्हीसी १.७ सेंटिमीटर, हुंगल्यावर मिटणारी. पोटात पाणी नाही. यकृतातल्या शिरा इतक्या आटोक्यात, की पेटीला पहिल्या फटक्यात जागा मिळाली. दहा मोजमापं, मधला वेग १.६. किलोपास्कल ७.७.

मामींना वाटलं होतं पाचच्या खाली येईल. पाढा त्यांनाही पाठ झाला होता. मी सांगितलं, ७.७ चांगला आहे, पण नॉर्मलच्या रेषेवर नाही. इतके महिने तुंबून राहिलेल्या यकृतात थोडा खरा व्रण राहिला असेल, किंवा हृदय अजून पुरतं मोकळं व्हायचं असेल. या मशीनला त्या दोन्हींतला फरक कळत नाही. सुई घालून तुकडा काढला तर कळेल, पण आज त्यासाठी सुई घालावी असं मला वाटत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजू, तोवर औषधं कमी होत जातील.

"आणि उपाशी यायचं," मामा म्हणाले.

आमच्या रिपोर्टच्या साच्यात आता किलोपास्कलच्या ओळीच्या वर तीन रकाने वाढवले आहेत: किती तास उपाशी, आयव्हीसी किती, हुंगल्यावर मिटते का. ते भरल्याशिवाय आकड्याचा रकाना उघडत नाही. कंप्युटरवाल्या पोराने ते अर्ध्या तासात करून दिलं. सिस्टर रोज कुरकुरतात, कारण घाईच्या दिवशी त्या तीन रकान्यांपायी प्रत्येक पेशंटमागे दोन मिनिटं जातात.